एकशे एकवीस पराभवांचा सप्टेंबर

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. सॅन डिएगोत आमचा बेसबॉल संघ शिकागो व्हाइट सॉक्स ४-२ असा हरला आणि नोंद झाली ३६ विजय, १२० पराभव. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचा आकडा गाठला गेला. सहा सामने उरले होते: तीन घरी एंजल्सशी, तीन डेट्रॉइटला टायगर्सशी. आणखी एक पराभव झाला असता, तर आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामातले सर्वाधिक पराभव आपल्या संघाच्या नावावर लागणार होते. तो पराभव झालाच. पण ऑगस्टच्या मध्यापासून २९ सप्टेंबरपर्यंत आम्ही व्हाइट सॉक्सवाल्यांनी सामने पाहणं सोडलं नाही. हरणारा संघ शेवटपर्यंत पाहायचा तर पाहण्याची पद्धत बदलावी लागते. काय मोजायचं, वहीत काय लिहायचं, कुणावर नजर ठेवायची, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. ते कसं, ते इथे लिहितो आहे.

बेसबॉल नवीन असलेल्यांसाठी एक गोष्ट आधी. मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि तळाशी राहिलात म्हणून खालच्या गटात ढकललं जात नाही. १६२ सामने खेळावेच लागतात, जवळपास रोज, सहा महिने. वाईटातला वाईट संघही साधारण तीनातला एक सामना जिंकतो, म्हणून शंभर पराभव हीच मोठी नामुष्की मानतात. व्हाइट सॉक्सनी २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून विभाग जिंकला होता. २०२२ ला ८१-८१, २०२३ ला १०१ पराभव. २०२४ ची सुरुवातच ३ विजय, २२ पराभव अशी झाली. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१ सामने हरलो, म्हणजे १९८८ च्या बाल्टिमोर संघाच्या सलग २१ पराभवांशी बरोबरी. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळाला तेव्हा कुठे ती माळ तुटली. दोनच दिवसांनी व्यवस्थापक पेड्रो ग्रिफोल यांना काढून टाकलं आणि उरलेल्या हंगामासाठी ग्रेडी साइझमोर आले.

आता अंकगणित. हे हिशेब हातानेच करावेत, कारण ते करता करता हंगामाचा सांगाडा कळतो. पहिला आकडा संघ शर्यतीतून बाद होण्याचा. सूत्र सोपं आहे: १६३ वजा ज्या संघाला गाठायचं त्याचे विजय, वजा आपले पराभव. उत्तर शून्य आलं की त्या संघाला गाठणं अशक्य. इथे एक चूक नेहमी होते. २०२२ पासून बरोबरी सुटावी म्हणून १६३वा सामना खेळवत नाहीत, आपसातल्या सामन्यांची नोंद पाहतात. समोरच्या संघाने आपसातले जास्त सामने जिंकले असतील, तर १६३ ऐवजी १६२ धरायचे, नाहीतर उत्तर एकाने चुकतं. शिवाय विभागाच्या पहिल्या क्रमांकासाठी एक आकडा आणि तिसऱ्या वाइल्ड कार्डसाठी (विभाग न जिंकताही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, नेणारी जागा) दुसरा. दोन्ही शून्य झाले तरच संघ खऱ्या अर्थाने बाद. आमच्या संघाचे दोन्ही ऑगस्ट संपण्याआधीच शून्य झाले होते.

मग उलटा आकडा धरायचा. १२१ टाळायचे तर ४२ विजय लागतात. बेचाळीस वजा आतापर्यंतचे विजय, आणि शेजारी उरलेले सामने. या दोन आकड्यांतलं अंतर रोज वहीच्या कोपऱ्यात लिहिलं की प्रत्येक सामन्याला वजन येतं. २३ सप्टेंबरला सकाळी ते दोन आकडे होते सहा आणि सहा.

तिसरा हिशेब धावांचा, आणि माझ्या मते सर्वात उपयोगाचा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. हे सूत्र संघाने साधारण किती सामने जिंकायला हवे होते ते सांगतं. व्हाइट सॉक्सनी हंगामभरात ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. ५०७चा वर्ग २,५७,०४९, ८१३चा ६,६०,९६९, बेरीज ९,१८,०१८. भागाकार येतो ०.२८. त्याला १६२ने गुणलं की ४५. प्रत्यक्षात विजय झाले ४१. म्हणजे चारेक सामन्यांचं दुर्दैव, बाकीचं सगळं खरं. ‘नशीबच फुटकं’ असं म्हणणाऱ्यांना आणि ‘एवढा वाईट संघ झालाच नाही’ असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे एकच उत्तर पुरतं. पराभव सर्वाधिक असले तरी विजयांचं प्रमाण सर्वात कमी नव्हतं. ४१-१२१ म्हणजे .२५३. मेट्सचं ४०-१२० म्हणजे .२५०, आणि १९१६च्या फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचं ३६-११७ म्हणजे .२३५. हा फरक नीट माहीत असावा. वाद घालताना लागतो.

सामना पाहताना मात्र गुणफलक सोडून माणूस धरायचा. आमच्यासाठी तो होता डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गॅरेट क्रोशे. २०२४च्या आधी त्याने मेजर लीगमध्ये सगळ्या मिळून ७३ इनिंग (डाव) टाकल्या होत्या, त्याही बदली पिचर म्हणून. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच सुरुवातीचा पिचर केलं. ३२ सामन्यांत १४६ इनिंग आणि २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), म्हणजे इनिंगमागे जवळपास दीड. ऑल-स्टारही झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. पण खांदा आणि कोपर जपायचं म्हणून हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याला बहुतेक वेळा चार इनिंगनंतर काढून घेत. आघाडी का जायची, याचं उत्तर इथेच आहे. सामना नऊ इनिंगचा. सुरुवातीचा पिचर चार टाकून गेला की पाच इनिंग बुलपेनवर, म्हणजे बदली पिचरांच्या ताफ्यावर, पडतात. आणि हरणारा संघ जुलैच्या अखेरीस जे विकतो त्यात बुलपेनमधले चांगले हात आधी जातात. त्या वर्षी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ३० जुलै होती. तोवर बुलपेनमधला मायकल कोपेक लॉस एंजेलिसला गेला होता आणि सुरुवातीचा भरवशाचा पिचर एरिक फेड्डे सेंट लुइसला. मग सातव्या-आठव्या इनिंगला जो मुलगा चेंडू टाकायला यायचा तो महिन्यापूर्वी खालच्या लीगमध्ये असायचा. त्यात एक नियम असा की बदली पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, नाहीतर इनिंग संपवावी लागते. पहिल्या दोघांना त्याने बेस बहाल केला तरी लगेच काढता येत नाही. हे माहीत असलं की आठव्या इनिंगची पडझड ‘हे असंच होणार’ म्हणून न पाहता कारणासकट पाहता येते.

बॅटरचं पाहायचं तर हिटपेक्षा चेंडू सोडण्याकडे लक्ष द्यावं. सप्टेंबरमध्ये आलेली नवी पोरं पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतात. पिचरचं पाहायचं तर पहिला चेंडू स्ट्राइक (बॅटरचा हुकलेला किंवा टप्प्यात असून सोडलेला चेंडू) आहे की नाही तेवढंच मोजावं. चांगला पिचर शंभरातल्या साठेक बॅटरना पहिला स्ट्राइक टाकतो. एका पानावर नुसत्या रेघा मारत गेलात तरी चार सामन्यांनंतर कोण पुढच्या वर्षी टिकणार याचा अंदाज येऊ लागतो.

नवी पोरं नेमकी केव्हा येतात, तेही नियमाने ठरतं. १ सप्टेंबरला संघयादी २६ वरून २८ होते, त्यातले पिचर जास्तीत जास्त १४. नवोदित म्हणून दर्जा टिकवायचा असेल तर १३० अ‍ॅट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या), ५० इनिंग किंवा यादीतले ४५ दिवस यांपैकी काहीही ओलांडून चालत नाही. म्हणून ऑगस्टच्या मध्यापासूनच हालचाल दिसते: हंगाम संपायला ४५ दिवसांहून कमी उरले की खालून माणूस आणणं स्वस्त पडतं. शॉन बर्क असाच सप्टेंबरमध्ये आला. चार सामने, १९ इनिंग, २२ स्ट्राइकआउट. हरलेल्या महिन्यात त्याच्या नावापुढे आम्ही पेन्सिलने खूण करून ठेवली होती.

खालच्या संघांकडेही डोळा ठेवावा. व्हाइट सॉक्सची शिडी अशी: तळाला कॅनापोलिस, मग विन्स्टन-सेलम, मग बर्मिंगहॅम, वर शार्लट. त्याच सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सनी सदर्न लीगचं विजेतेपद जिंकलं. वरचा संघ १२० हरत असताना दोन पायऱ्या खालची पोरं चषक उचलत होती. ते सामने पाहायला मिळत होते हे पुष्कळांना माहीतच नव्हतं.

आता गुणवही. हरलेल्या हंगामात हाताने स्कोअर लिहिण्याइतकं लक्ष खिळवून ठेवणारं दुसरं काही नाही. क्रिकेटची वही लिहिणाऱ्याला ही आठवड्यात जमते. डावीकडे नऊ बॅटरच्या नऊ ओळी, वर नऊ इनिंगचे नऊ रकाने, प्रत्येक चौकोनात छोटा हिरा, म्हणजे चार बेसच्या मैदानाचं चित्र. बॅटर जिथवर पोचला तिथवर हिऱ्याची बाजू गडद करायची. चारही बाजू झाल्या की आत रंग भरायचा, ती धाव. मैदानावरच्या जागांना आकडे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असूनही त्याचा आकडा ६ आहे, ५ नाही. सुरुवातीला सगळ्यांची हीच चूक होते. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, दोघे बाद: ६-४-३. सेंटरला झेल गेला तर एफ ८. स्ट्राइकआउटला ‘के’, आणि बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक पाहत राहिला तर ‘के’ उलटा. शॉर्टस्टॉपची चूक ई ६.

तीन गोष्टी बिघडतात. पहिली, प्रत्येक बॅटरखाली एक-दोन ओळी मोकळ्या ठेवलेल्या नसतात. सप्टेंबरमध्ये बदली खेळाडू फार येतात, मग पान चिरडून जातं. नवा खेळाडू आला की चौकोनाच्या डाव्या कडेला उभी रेघ मारावी, पिचर बदलला की दोन बॅटरमध्ये आडवी. दुसरी, एका इनिंगमध्ये नऊहून जास्त बॅटर आले तर पुढच्या रकान्यात जावं लागतं. तेव्हा वरचा इनिंगचा आकडा खोडून बदलायला विसरलं की उरलेला सामना एक घर सरकतो. तिसरी गोष्ट पिचरच्या हिशेबातली. क्षेत्ररक्षणातल्या चुकीमुळे आलेली धाव पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, पण ते ठरवायला ती चूक झालीच नसती तर इनिंग कशी गेली असती, हे मनात पुन्हा रचावं लागतं. दोन बाद असताना चुकीमुळे तिसरा बाद हुकला तर त्यानंतरच्या त्या इनिंगमधल्या सगळ्या धावा वगळाव्या लागतात, मग पुढे होम रन (मैदानापार फटका) गेला तरी.

सामना संपला की ताळा पाहायचा. संघाचे एकूण किती बॅटर प्लेटवर आले, तो आकडा म्हणजे धावा, अधिक बेसवर अडकून राहिलेले, अधिक बाद. नऊ इनिंगमध्ये २७ बाद, एक धाव, सहा अडकले, तर बॅटर ३४ यायला हवेत. जमलं नाही तर कुठेतरी चौकोन सुटला आहे. घरचा संघ पुढे असेल तर तो नववी इनिंग खेळतच नाही, तेव्हा २७ ऐवजी २४ धरायचे. व्हाइट सॉक्सच्या वहीत ही सवय लागायला वेळ लागला, कारण तशी वेळच फार थोडी आली.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळा. सप्टेंबरमध्ये शिकागो भारताच्या साडेदहा तास मागे असतं. घरचा सामना संध्याकाळी ६:४० ला, म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१०. डेट्रॉइटचा ४:१०. पश्चिम किनाऱ्यावरचा ६:४० चा सामना इथे सकाळी ७:१० ला, चहाबरोबर. सामना सरासरी अडीच तासांच्या थोडा वर चालतो, म्हणून पहाटेचा सामना ऑफिसच्या आधी संपतो. एमएलबी टीव्हीवर (मेजर लीगची थेट प्रक्षेपण सेवा) भारतात स्थानिक बंदी लागत नाही, उलट खुद्द शिकागोत राहणाऱ्याला त्याच सेवेवर त्या वर्षी व्हाइट सॉक्स दिसत नसत, स्थानिक वाहिनी घ्यावी लागे. चित्र नको असेल तर रेडिओचं समालोचन ऐकावं. गुणवही लिहायची तर रेडिओच बरा, डोळे वहीवर राहतात.

शिकागोत असाल तर मैदानावर जावंच. मैदान दक्षिण शिकागोत ३५व्या रस्त्यावर आहे. रेड लाइन या शहरी रेल्वेच्या सॉक्स-३५ स्थानकावर उतरून पूल ओलांडला की दरवाजा. नेपरव्हिल उपनगराकडून येणाऱ्या मराठी मंडळींना युनियन स्टेशनपर्यंत मेट्रा (उपनगरी रेल्वे), तिथून चालत जॅक्सनला रेड लाइन असं सोयीचं पडतं. लासाल स्ट्रीटवरून रॉक आयलंड मार्गाची मेट्राही मैदानापाशी थांबते. आसनक्षमता चाळीस हजारांच्या वर, पण हरलेल्या सप्टेंबरमध्ये तिकीट सहज मिळतं. होम प्लेटच्या मागे आणि थोडं तिसऱ्या बेसकडे बसावं, तिथून पिचरच्या चेंडूचं वळण कळतं. वर बसणार असाल तर स्वेटर हवाच. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य गेला की वारा बोचतो, आणि रिकाम्या खुर्च्यांमुळे तो अडतही नाही. खायला एलोटे घ्यावं: कणसाचे दाणे समोर सोलून पेल्यात, वर लोणी, मेयोनीज, चीज, तिखट आणि लिंबू. आपल्या भुट्ट्याची चव त्यात सापडते. मैदानाच्या मागे मोठ्या फलकावर रंगीत चक्रं आहेत. व्हाइट सॉक्सचा होम रन झाला की ती फिरतात आणि आतषबाजी होते. १९६० पासूनची ही प्रथा. त्या वर्षी ती फार वेळा फिरली नाहीत, म्हणून फिरली की सगळे उभे राहत.

२४ सप्टेंबरला एंजल्सविरुद्धचा पहिला सामना. बरेच लोक १२१वा पराभव पाहायला आले होते, तशा घोषणाही होत होत्या. आठव्या इनिंगमध्ये संघ मागून पुढे आला आणि ३-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी दहाव्या इनिंगमध्ये ४-३. जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर आधीच एक धावपटू उभा असतो, वहीत त्याची सुरुवात दुसऱ्या बेसपासून करायची आणि ती धाव झाली तरी पिचरच्या सरासरीत धरायची नाही. तिसरा सामना ७-० असा, एकतर्फी. सलग तीन विजय, त्या संघाला! कोपऱ्यातले आकडे आता तीन आणि तीन झाले होते.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ४-१ असा पराभव झाला आणि आकडा १२१ झाला. त्याच विजयाने टायगर्सना २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफचं तिकीट मिळालं, म्हणून मैदानावर जल्लोष झाला तो त्यांचा. हरलेल्या संघाच्या चाहत्याने उरलेला हंगाम असा दुसऱ्याच्या आकड्यांसकट पाहावा. आपल्याला गमावण्यासारखं काही नसतं, समोरच्याला असतं. पुढचे दोन सामने व्हाइट सॉक्सनी ४-० आणि ९-५ असे जिंकले. डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी दोघेही ८६-७६ वर संपले, डेट्रॉइटला सहावं मानांकन मिळालं आणि ह्यूस्टनला जावं लागलं. तिथे ते दोन्ही सामने जिंकले, पण रस्ता आमच्या संघाने बदलला होता. २००३ मध्ये याच टायगर्सनी शेवटच्या सहापैकी पाच जिंकून ४३-११९ वर हंगाम संपवला होता आणि मेट्सचा विक्रम टाळला होता. व्हाइट सॉक्सनीही शेवटच्या सहापैकी पाचच जिंकले. सहावा विजय हवा होता.

‘एवढे हरलात तर पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक तरी मिळेल ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. ड्राफ्ट म्हणजे संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं. मिळाला नाही. पहिल्या सहा जागा आता सोडतीने ठरतात, आणि मोठ्या उत्पन्नाच्या शहरातल्या संघाला लागोपाठ दोन वर्षं सोडतीतली जागा घेता येत नाही. म्हणून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये व्हाइट सॉक्स दहाव्या क्रमांकावर गेले. हे ऑगस्टमध्येच माहीत होतं, त्यामुळे ‘हरलेलं बरं’ असं म्हणायला आमच्यापैकी कुणाला जागाच नव्हती.

हिवाळ्यात लक्ष ठेवायचं ते डिसेंबरवर. क्रोशे बोस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस माइड्रॉथ, विकेलमन गोन्झालेझ असे चौघे आले. त्याच महिन्यात ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्ट झाला, म्हणजे दुसऱ्या संघांच्या खालच्या लीगमधल्या खेळाडूंची निवड. त्यात सोडत नसते, सर्वात खालच्या संघाला सरळ पहिली निवड मिळते. किंमत एक लाख डॉलर. निवडलेला खेळाडू पूर्ण हंगाम वरच्या संघात ठेवावा लागतो, नाहीतर मूळ संघाला पन्नास हजारांत परत देऊ करावा लागतो. त्या पहिल्या निवडीने व्हाइट सॉक्सनी मिलवॉकीकडून शेन स्मिथ घेतला, आणि तो पुढच्याच जुलैत ऑल-स्टार झाला. २७ मार्च २०२५ ला नवा हंगाम घरच्या मैदानावर एंजल्सविरुद्ध सुरू झाला. पहिल्या दिवशी चेंडू शॉन बर्कच्या हातात दिला होता. त्याने सहा इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही. सामना ८-१. घरचा संघ पुढे होता, म्हणून ताळ्यात बाद २४ धरले.